साडूंच्या गाडीतली डावी जागा

माझे साडू लिफ्टचे मेकॅनिक होते. शहरातल्या कुठल्याही उंच इमारतीत आम्ही गेलो की तिथला रखवालदार त्यांना सलाम करतो आणि मला विचारतो, "आपण कोण?" मी पार्सल ऑफिसात पत्त्यांप्रमाणे पार्सलं लावण्यात जन्म काढला. पार्सल पोहोचल्यावर ते कुणी लावलं होतं हे कोण विचारतो? तेव्हा लिहायचं तर साडूंविषयीच लिहावं. मी मधेमधे येईन, त्याला इलाज नाही.

थोरल्या भावाने घराबाहेर काढलं तेव्हा साडू एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीत राहू लागले. तिथेच काम शिकले. उजव्या हातात पाना धरून डावा कान यंत्राला लावायचे आणि कुठलं चाक झिजलंय ते सांगायचे. माझी मेहुणी त्यांना पहिल्यांदा भेटली ती दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टमध्ये. लिफ्ट सुटेपर्यंत हे वरून तिच्याशी गप्पा मारत होते. माझी बायको बहिणीची ही गोष्ट दरवेळी नव्याने ऐकल्यासारखी सांगते. एकदा मी विचारलं, "आणि माझं काय आठवतं तुला?"

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा पत्ता न चुकता आलात," ती म्हणाली. "एवढंच."

मला त्यांचा हेवा वाटतो, तो असा जुना आहे.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, साडूंच्या गाडीतली डावी जागा. गाडी त्यांची. मला चालवता येत नाही. पण त्यांना इमारती आतून ठाऊक, रस्ते नाहीत. मला गल्ली न् गल्ली पाठ. दोघी बहिणी मागे बसायच्या, मी साडूंच्या शेजारी. "पुढच्या चौकात डावीकडे," मी म्हणायचो आणि आख्खी गाडी माझ्या शब्दावर वळायची. समोरच्या खणात माझ्या पेपरमिंटच्या गोळ्या, जास्तीचा चष्मा आणि काच पुसायचं फडकं असे. तेवढ्या वेळापुरता मी कुणीतरी होतो.

मग साडू माझं ऐकेनासे झाले. मी डावीकडे म्हणावं आणि त्यांनी सरळ जावं.

"अहो, डावीकडे म्हटलं मी."

"हो का? राहू द्या, पुढून वळू."

माझ्या विनोदांना ते पूर्वी स्टिअरिंगवर थाप मारून हसायचे, आता नुसतं "हं" करायचे. कंटाळले असतील माझ्या बडबडीला, असं मी धरून चाललो.

एका रविवारी त्यांनी बोलावलं, "बॅटरी धरायला या." जाऊन बघतो तर गाडीचा डॅशबोर्ड उघडा, दात काढलेल्या तोंडासारखा. कॅसेट प्लेअर खाली पडलेला. सीटवर पाटीएवढा टचस्क्रीन आणि साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर.

"हे काय?"

"सुटे भाग आणून जमवलंय. नकाशा दिसणार. वळण आलं की बाण येतो. बोलतोसुद्धा."

"छान," मी म्हटलं.

कॉम्प्युटर बसवायला जागा हवी होती. ती माझ्या खणात निघाली. साडूंनी गोळ्या, चष्मा आणि फडकं एका पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने टेबल असंच रिकामं करून दिलं होतं.

सगळी सकाळ मी उजेड धरून उभा. "इकडे, साडूभाऊ, इकडे. आभाळाला काय दाखवताय?" प्लायवूडची चौकट त्यांनी कानशीने अशी घासली की स्क्रीन तिच्यात पेटीच्या झाकणासारखा बसला. पण बसवला तो त्यांच्याकडे कलता. माझ्या बाजूने नुसती चकाकी दिसायची.

दोघी बहिणी चहा घेऊन आल्या. मेहुणीने स्क्रीनवर बोट फिरवलं. "किती गुळगुळीत आहे गं, ताई."

"नाहीतर आमचे हे," माझी बायको म्हणाली. "बल्ब बदलायचा तर स्टूल मी धरायचं."

कॉम्प्युटरमधली बाई पहिल्यांदा बोलली तेव्हा दोघी कान देऊन ऐकत राहिल्या. "चुकलं तरी टोमणा मारत नाही," बायको म्हणाली, "आणि मी आधीच सांगितलं होतं, असंही म्हणत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या रविवारी भाचीचं नवं घर बघायला जायचं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. साडूंनी खाली वाकून वायरी पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. लिफ्टच्या पॅनेलची वीज कधी बंद करायची नसते. हाताला तीच सवय. त्यांनी कॉम्प्युटर किल्लीच्या वायरीवर न जोडता थेट बॅटरीवर जोडला होता. गाडी बंद असतानाही तो जागाच होता आणि उभ्या गाडीचा नकाशा दाखवत त्याने सगळी बॅटरी पिऊन टाकली होती.

मला आनंद झाला. शेजाऱ्यांबरोबर गाडी ढकलताना मी या वयात जरा जास्तच जोर लावला.

गाडी सुरू झाल्यावर साडूंनी कॉम्प्युटरचा फ्यूज काढला. "आज तुम्हीच, साडूभाऊ."

मी ताठ बसलो. "पुढे पंपाच्या अलीकडे डावीकडे."

त्यांनी रस्ता सोडून सगळं तोंड माझ्याकडे वळवलं. "काय?"

मी पुन्हा सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेवढ्यात डाव्या बाजूने एक बस हॉर्न देत आली. मागे दोघी दचकल्या. साडूंना त्याचा पत्ताच नव्हता. मी त्यांचा हात धरला, तेव्हा कुठे त्यांनी गाडी आवरली.

मग मी तोंड मिटलं. वळण आलं की त्यांच्या नजरेसमोर हात धरायचा. हात डावीकडे, गाडी डावीकडे. एकही वळण चुकलं नाही.

"भांडलात की काय दोघं?" मागून मेहुणी म्हणाली. "नाही," मी म्हटलं.

भाचीच्या इमारतीशी पोहोचून बायका वर गेल्यावर मी मुद्दाम साडूंच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. "कधीपासून?"

ते माझ्या पिशवीतलं फडकं घेऊन स्क्रीन पुसत होते. "बरेच दिवस झाले. उजवा शाबूत आहे. तुमच्या बाजूचा गेला."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्ही ताईंना सांगितलं असतं, ताईंनी हिला, आणि हिने किल्ली काढून घेतली असती. स्क्रीनला तोंड नाही."

"बोलते की त्यातली बाई."

"बोलते, पण माझ्याबद्दल नाही. आणि नाही ऐकू आली तर बाण आहेच."

त्यांनी मेहुणीला स्वतःच सांगावं, या अटीवर मी गप्प राहिलो. त्यांनी सांगितलं. कानाच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो. किल्ली राहिली, गाडीला डावीकडचा आरसा मोठा लागला, आणि कॉम्प्युटर किल्लीच्या वायरीवर आला. उजेड मीच धरला.

डावी जागा अजून माझीच आहे. वळणं ती बाई सांगते. डावीकडून हॉर्न आला की मी साडूंच्या गुडघ्यावर थाप मारतो. तरी एक सल आहे. कान गेल्याची व्यवस्था त्यांनी आधी यंत्राशी लावली, माझ्याशी नंतर.

परवा त्या बाईने आम्हाला सरळ जायला सांगितलं. ती गल्ली पुढे भिंतीने बंद झाली आहे. मी स्क्रीनसमोर उजवीकडे हात धरला. साडूंनी एकदा बाणाकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे, आणि गाडी उजवीकडे घेतली.

मागे माझी बायको बहिणीला काहीतरी म्हणाली. मी वळून पाहिलं नाही. चकाकी टाळून, मान तिरकी करून मी स्क्रीनकडे पाहिलं. त्याच्यावर एक छोटा गोल फिरत होता. ती बाई नवा रस्ता शोधत होती.