पहिलं हँडल कुणी मारलं

सकवारअक्काच्या हयगयीनं इंजिन बसलं, असं आमच्या भावकीत अजून बोलतात. परवा बसवनगुडीला एका बारशात पुन्हा ऐकलं. हातातला घुगऱ्यांचा द्रोण खाली ठेवला आणि त्या बाईला म्हटलं, तोंड सांभाळून बोल, मी तिथं उभी होते. बिचारी बघतच राहिली. तिचा तरी काय दोष? तिला जे सांगितलं तेच ती बोलणार. ज्यानं सांगितलं तो माणूस आत्ता आमच्या ओसरीवर बसलाय. आमचे हे. मी बोलतेय ते सगळं ऐकू जातंय त्यांना. जाऊ दे.

सकवारअक्का माझी थोरली जाऊ. आमची गिरणी बोम्मसंद्र्यात, होसूर रोडला लागून. तेव्हा तिथं विजेच्या तारा आल्या नव्हत्या, सगळीकडे रागीची शेतं. थोरले दीर मल्हारराव मिलिटरीत मोटारींच्या कारखान्यात होते. तिथनं सुटून आले ते डिझेलवर चालणारं जुनं ऑइल इंजिन घेऊनच आले, आणि त्यावर पिठाची गिरणी घातली. इंजिन चालवायला शिकवावं तर धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, स्वल्प म्हणून सबुरी नाही. मग त्यांनी बायकोलाच शिकवलं.

मल्हारराव तापानं गेले. अक्काला मूलबाळ नव्हतं. भावकी बसली आणि विधवेनं गिरणी चालवावी का ह्यावर एक अख्खी दुपार घातली. शेवटी थोरले मामंजी, म्हणजे सासऱ्यांचे मोठे भाऊ, त्यांनी निकाल दिला. इंजिन चालेतोवर गिरणी सकवारची. इंजिन बंद पडलं की जागा धाकट्याची. अक्का म्हणाली, सरी, कानडीत ‘ठीक’. मला तेव्हाच संताप आला होता. बाईच्या पोटाचा घास लोखंडाच्या तुकड्याला बांधून मोकळे झाले आणि वर पान खाल्लं!

अक्काला कुणी गरीब गाय समजू नका हां. इंजिनाच्या धडधडीवर तिचा आवाज चढायचा. ओली रागी आणली की टोपली उचलून रस्त्यावर ठेवायची आणि म्हणायची, "वाळवून आण, नाहीतर पाट्यावर वाट." बाप्ये लोक तिच्यासमोर विडी लपवायचे. पण इंजिनाला मात्र ती तान्ह्या पोरासारखं जपायची.

आमच्याकडे अमावस्येला गिरणी बंद. शेतातही कुणी नांगर धरत नाही त्या दिवशी. अक्का त्या दिवशी इंजिन थोडं चालवून तापवायची, खालचं बूच उघडायची आणि काळं तेल तसराळ्यात सोडायची. गरम तेल सगळी घाण घेऊन येतं, थंड तेल घाण आत ठेवून येतं, असं मल्हाररावांनी सांगितलेलं. मग आतनं फडक्यानं पुसून नवं तेल ओतायची. काळं तेल फुकट जात नव्हतं. गाडीवाले आखाला वंगण म्हणून घेऊन जायचे.

आमच्या ह्यांना ते बघवायचं नाही. म्हणायचे, "माणूस दिवाळीला अभ्यंग करतो, वर्षातनं एकदा. आणि ह्या लोखंडाला दर अमावस्येला तेल? वर्षाला एकदा, खंडेनवमीला, बस्स."

अक्का म्हणायची, "भावजी, धोतर वर्षातनं एकदा धुता काय? दिवसभर चालतं ते. दिवसभर जळतं, धूळ खातं. तेल काळं झालं की ते तेल राहात नाही, राख राहते."

ह्यावर ह्यांचं उत्तर एकच. "बायकांना काय कळतंय." म्हणजे गिरणी चालवायला बाई चालते, तिला कळलेलं तेवढं चालत नाही.

आता दसऱ्याचं सांगते. सर्वपित्री अमावस्येला मल्हाररावांचं पान असायचं, दिवसभर स्वयंपाक. म्हणून त्या महिन्याचं तेल अक्का खंडेनवमीला काढायची. सकाळी जुनं तेल सोडायची, इंजिन आतबाहेर पुसून लख्ख करायची आणि मग पूजा मांडायची. नटबोल्टचे पाने, हँडल, तेल ओतायचं नरसाळं, आणि नव्या तेलाचा डबाही. सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात कोहळा. पूजेत मांडलेल्याला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी न्हाऊन पूजा उचलायची, मग तो डबा इंजिनात ओतायचा आणि मगच पहिलं हँडल मारायचं. मल्हाररावांपासून चालत आलेली रीत. म्हणजे नवमीची अख्खी रात्र इंजिनाचं पोट रिकामं.

मी एकदा म्हटलंही होतं, "अक्का, डबा कशाला मांडतेस? आदल्या दिवशीच ओत की."

"आयुधं पूजेत बसली की बसली," ती म्हणाली. "आणि रिकामं इंजिन कोण चालवायला जातंय? घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

होतंच ठाऊक. सगळ्यांना. ओसरीवर बसलेल्यालासुद्धा.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. त्या दसऱ्याला थोरले मामंजी बसवनगुडीहून मुद्दाम आले होते. ते आलेत म्हटल्यावर आमच्या ह्यांच्या अंगात आलं. नवा फेटा काढला, मिशीला तूप लावलं आणि गिरणीत जाऊन जाहीर केलं की दसऱ्याचं पहिलं हँडल घरचा पुरुष मारणार. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं सणाला यंत्र चालू करायचं म्हणजे भावकीला कमीपणा. मल्हारराव गेल्यापासून दर दसऱ्याला अक्काच हँडल मारत होती, तेव्हा ह्यांना कमीपणा दिसला नव्हता. तिनं दळलेल्या पिठाच्या भाकरी तेवढ्या दिसत होत्या.

अक्काचा चेहरा लाल झाला. पण सणाचा दिवस, वडीलधारी माणसं. ती एवढंच म्हणाली, "मारा भावजी. मी न्हाऊन येते, पूजा उचलते, मग मारा."

ती मोरीत गेली. आणि हे थांबले नाहीत.

मामंजी खुर्चीवर बसलेले, गावातली माणसं दाराशी सोनं म्हणून वाटायची बन्नीची, म्हणजे शमीची पानं घेऊन उभी, आणि ह्यांना धीर कुठला! पूजेतलं हँडल उचललं. मी दारातच होते. तेलाचा डबा समोर होता हो! कुंकू लावलेला, माळ घातलेला, झाकणही न उघडलेला. आंधळ्यालासुद्धा दिसला असता. मी म्हटलं, "अहो, तेल. डबा भरलेला आहे अजून."

माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. "शकुनाच्या वेळी मध्ये बोलू नकोस. सुम्मने, गप उभी राहा."

हँडल फिरवलं. इंजिन लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी नारळ फोडला. ह्यांनी मूठभर रागी जात्याच्या तोंडात टाकली आणि मामंजींकडे असं बघितलं, जसं काही इंजिन ह्यांनीच जन्माला घातलं. मग आवाज बदलला. आधी करकर, मग लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं, आणि जळका वास. मोरीतून अक्का ओल्या केसांनी, कशीबशी नेसलेली, धावत आली. "बंद करा! अय्यो, बंद करा ते!"

बंद कसं करायचं हे माहीत कुणाला होतं? हँडल मारायचा मान हवा, थांबवायची अक्कल नको. हे नुसते हात हलवत भोवती नाचत होते. अक्का पोचायच्या आधीच इंजिन एक गचका देऊन आपोआप थांबलं. पट्टा निसटून खाली पडला.

पहिल्यांदा कोण बोललं असेल? आमचे हे. फेटा सरळ केला आणि मामंजींना म्हणाले, "वहिनींनी तेल काढून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. केवढी ही हयगय! म्हणून म्हणत होतो, बाईमाणसाचं काम नव्हे हे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेल कधी काढतात आणि कधी ओततात ह्यावर वर्षभर हुज्जत घालणारा माणूस, आणि त्याला कुणी सांगितलं नाही!

मामंजींनी घसा साफ केला. "इंजिन बंद पडलं आहे. तेव्हा ठरल्याप्रमाणं..."

"मामंजी," अक्का म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं आणि तिनं तापलेल्या इंजिनावर हात ठेवला होता. "जागेचं मागनं बोला. आधी एवढं विचारा. हँडल कुणी मारलं?"

सगळ्यांनी बघितलं होतं. कुणी आढ्याकडे बघतोय, कुणी बन्नीची पानं मोजतोय. आणि आमचे हे खाली पडलेला पट्टा बघत होते.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही लाजत. मी त्या दिवशी भर गिरणीत, चुलत सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदरही न सावरता म्हणाले, "अप्पासाहेबांनी मारलं. अप्पासाहेबांनी. मी डबा दाखवला, तरी मारलं."

झालं! इंजिन राहिलं बाजूला. कस्तुराबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं! सासऱ्यांसमोर घेतलं! दोनदा घेतलं! मामंजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, ह्या घरात बायकांना वळण उरलेलं नाही. जागा धाकट्याच्या ताब्यात देतो. लोकांनी बन्नी वाटली आणि सोन्यासारखे राहा म्हणून निघून गेले. थू तुमच्या सोन्यावर.

तेव्हापासनं मी नाव घेतेच. आता लपवायचं काय राहिलंय?

अक्का रडली नाही. म्हणाली, "जागा घ्या. इंजिन माझ्या नवऱ्याचं आहे." बैलगाडीत घालून ते कलासीपाळ्यात नेलं, नवीन बेअरिंग, नवीन पिस्टन घालून घेतलं. अंगावर होतं नव्हतं ते त्यात गेलं. बेळ्ळंदूरला तिच्या ओळखीची गंगव्वा तळ्याकाठी भाजीपाला करायची. तिनं जागा दिली. अक्का इंजिनावर लोकांच्या मळ्यांना तळ्यातलं पाणी चढवून द्यायला लागली आणि बाजूला एक छोटं जातंही बसवलं. दर अमावस्येला काळं तेल बाहेर, नवं तेल आत. दसऱ्याचा डबा मात्र तिनं पुन्हा पूजेत मांडला नाही. आधी ओतायची आणि मग पूजा करायची. म्हणाली, "रीत घरच्या माणसांसाठी होती."

इकडे अप्पासाहेबांनी कुठलंसं जुनं इंजिन आणून गिरणी सुरू केली. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "तुमच्या गिरणीचं पीठ माझ्या चुलीवर चढणार नाही." माळ्यावरचं दगडी जातं खाली काढलं आणि पहाटे दळायला बसले. मुद्दाम ओसरीच्या भिंतीलगत बसले. गिरणीवाल्याची बायको घरी जात्यावर दळते, हे गावात कळायला किती वेळ लागणार? येणारे-जाणारे विचारायचे, "काय अप्पासाहेब, गिरणी बंद काय?" हे दात-ओठ खायचे. मी आणखी जोरात दळायची. हाताला घट्टे पडले, पण सोडलं नाही.

आणि त्यांच्या इंजिनात तेल? वर्षातनं एकदा. खंडेनवमीला. शहाण्याचं बोलणं एकच असतं. दुसरी खंडेनवमी यायच्या आधीच ते इंजिन बसलं. उघडलं तेव्हा आत तेल नव्हतंच, डांबर होतं. मेस्त्रीनं बोट घालून ह्यांच्यासमोर धरलं. ह्यावेळी हयगय कुणाची, हे विचारायला भावकी बसली नाही.

मग गावातल्या साऱ्या बायका माझ्यासारख्या जात्यावर आल्या. त्या काय गप्प बसतात? घराघरात कटकट झाली, तेव्हा मामंजींना वळण आठवलं. ते, अप्पासाहेब आणि चार माणसं बेळ्ळंदूरला गेली. मीही गाडीत बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

अमावस्याच होती. अक्का नरसाळं धरून तेल ओतत होती. मामंजी म्हणाले, "सकवार, झालं गेलं विसर. परत ये. जागा तुझ्या नावावर करून देतो."

अक्कानं डबा खाली ठेवला. मला माहीत आहे, तिला यायचं होतं. त्या गिरणीच्या भिंती तिच्या नवऱ्यानं बांधल्या होत्या. ती म्हणाली, "येते. जागा नावावर नाही केली तरी येते. भावजींनी फक्त ह्या माणसांसमोर सांगावं, त्या दसऱ्याला हँडल कुणी मारलं. एवढंच."

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. दोन शब्द हो! मी मारलं. जीभ झिजली असती काय? हे तळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मामंजी खोकले, तरी वळले नाहीत.

"सरी," अक्का म्हणाली. "मग दळा जात्यावर." आणि उरलेलं तेल ओतायला घेतलं.

ती परत आली नाही. बोम्मसंद्र्याच्या गिरणीला कुलूप लागलं ते लागलंच. गेल्या संक्रांतीनंतर अक्का गेली, बेळ्ळंदूरलाच, गंगव्वाच्या घरात. तेराव्याला भावकी तिथंच जमली, जेवली, आणि पंगतीतच कुणीतरी म्हणालं, बाई चांगली होती, पण त्या एका हयगयीनं घर गेलं. मी पंगत सोडून उठले आणि इंजिनाच्या शेडमध्ये जाऊन बसावं म्हणून गेले.

आत अप्पासाहेब उभे होते. एकटेच. इंजिनावर हात ठेवून, अगदी हळू आवाजात म्हणत होते, "मी मारलं होतं."

मी म्हटलं, "इंजिनाला ठाऊक आहे. बाहेर पंगत बसलीय, तिथं जाऊन सांगा."

त्यांनी चपला घातल्या आणि मागच्या दारानं गाडीत जाऊन बसले.