मोजलं की कमी होतं

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी खरी कुणाची, ते घरात पाऊल टाकलं की कळतं, पण शब्द तोच. तर आमच्या मालकांनी जन्मात कधी मेंढरं मोजली नाहीत. जतच्या माळावर त्यांच्या घराण्यात कुणीच मोजत नाही. मोजलं की कमी होतं, असं म्हणतात. संध्याकाळी कळप तळावर आला की मालक मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभे राहतात, एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, "कानतुटकी आली न्हाई." मग कुणीतरी ओढ्याकडे पळतं आणि कानतुटकीला घेऊन येतं. मेंढरांची तोंडं त्यांना पाठ असतात. माझा वाढदिवस विचारा, सांगता यायचा नाही. मेंढरांशी ते कानडीत बोलतात आणि माझ्याशी मराठीत, आणि कानडीत जरा जास्त गोड बोलतात हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं.

मी साताऱ्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल बांधायच्या खात्यात होते. त्या नोकरीवर आमचं साताऱ्याचं घर चाललं, पोरी शिकल्या; मालक मेंढरांमागे माळावर असायचे आणि अधूनमधून घरी यायचे. दहाएक वर्षांपूर्वी मालक चढणीवर चक्कर येऊन पडायला लागले. आधी आम्ही उन्हाला दोष दिला, मग उपासाला. शेवटी कळलं की त्यांच्या काळजाचे ठोकेच मधे मधे थांबतात. माझ्या पगारातून कामगारांच्या सरकारी विम्याचे पैसे कापले जायचे, त्या कार्डावर सांगलीच्या एका दवाखान्यात त्यांच्या छातीत, कातडीखाली, हातघड्याळाएवढं यंत्र बसवलं. ठोका चुकला की यंत्र आतून काळजाला ढकलतं. शुद्धीवर आल्यावर मालकांनी छातीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. मीही मग माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. काहीच ऐकू आलं नाही, पण मला भीतीच वाटली त्या यंत्राची, देवाची वाटावी तशी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यंत्राला बॅटरी असते, वर्षातून एकदा येऊन ती किती उरली ते बघून जायचं. मालक दरवर्षी सांगलीला जात. येताना भडंगाची पुडी आणत, तो माझ्यासाठी पुरावा. यंदा मी निवृत्तीला आले म्हणून साठलेली रजा काढली आणि त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टर म्हणाले, "काका, दोन वर्षं कुठं होता?"

मी मालकांकडे बघितलं. मालक पंख्याकडे बघत होते.

"सांगलीतच होतो," ते म्हणाले. "पायरीपतोर आलो आन् माघारी गेलो. बॅटरी किती उरली ते कशाला मोजायचं, डॉक्टरसाहेब? मोजलं की कमी व्हतं."

डॉक्टर हसले नाहीत. मला मात्र तिथल्या तिथे मालकांना हाणावंसं वाटलं. दोन वर्षं मी भडंग खात होते आणि हा माणूस पायरीवरून माघारी फिरत होता. तपासणी झाली. बॅटरी चालू होती, पण शेवटाकडे आली होती. आज बदलायची वेळ नाही, डॉक्टर म्हणाले, पण पावसाळा सरता सरता बदलावीच लागेल.

मला घाम फुटला तो इथे. आमच्या शाळेच्या मास्तरांनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जून लिहिली होती, त्यात मीही. म्हणजे मे महिन्याच्या शेवटी नोकरी संपणार, आणि बॅटरी संपणार त्याच्या पुढे. नोकरी गेली की कार्ड गेलं असंच आमच्यात सगळे समजून होतो. मग मालकांच्या काळजाला आतून ढकलणार कोण? तेवढा एकच प्रश्न घेऊन मी दोन महिने फिरले.

शेजारी एक सुभेदार राहतात, साताऱ्यात गल्लीआड एक असतोच. ते म्हणाले, "आमचं फौजेचं कार्ड हाय, वहिनी. जलमभर बघायला नको." मी म्हटलं, तुम्ही सीमेवर उभे होता, आमचे मालक बांधावर. कारखान्यातली एकजण म्हणाली, खासगी विमा घे. त्या विमावाल्याने आधी विचारलं, घरात कुणाला जुनं दुखणं आहे का, आणि खरं सांगितल्यावर त्याचा चेहराच पडला. मग कुठूनतरी कळलं की सत्तर वर्षांवरच्यांना सरकारचं वेगळं कार्ड मिळतं. हे ऐकून मालक एकदम खूश.

"मग मी सत्तरीचाच की," ते म्हणाले. "मोठ्या दुष्काळात मी कोकरं राखत हुतो."

"आधारकार्डावर चौसष्ट हाय तुमी."

"त्याला काय ठावं?"

तेव्हापासून सत्तरीची एवढी घाई झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

शेवटी मी साताऱ्यातल्या कामगार विम्याच्या सरकारी कचेरीत गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पदर खोचूनच म्हणा. खिडकीमागे माझ्या थोरलीच्या वयाची एक बाई होती. तिने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, बसा आधी. पूर्ण नोकरी करून, वयानं निवृत्त होताय ना? मग कार्ड बंद होत नाही. वर्षाला थोडी रक्कम आगाऊ भरायची, तुम्हाला आणि काकांना दोघांनाही औषधपाणी चालू राहतं."

थोडी म्हणजे किती, ते तिने सांगितलं. मी दोनदा विचारलं. आमच्याकडे पाहुण्यांच्या एका जेवणाचंही तेवढ्यात भागत नाही.

"पण मोठ्या ऑपरेशनला निवृत्तांचे नियम वेगळे पडतात," ती म्हणाली. "त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. रेशनकार्डावर राज्य सरकारची आरोग्य योजना आहे, ती यादीतल्या दवाखान्यात चालते. तिथं आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याला आधी जाऊन विचारा. दोन्ही हाताशी ठेवा."

भांडण माझ्या तोंडातच राहिलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. दुःखाने नाही. आपल्याला कधी न बघितलेल्या कुणीतरी, कुठेतरी बसून, म्हातारपणी आपल्या नवऱ्याच्या छातीत काय होईल याचा आधीच विचार करून ठेवलाय, याचं मला नवल वाटलं. पुढच्या आठवड्यात सांगलीला जाऊन आरोग्यमित्राला भेटले. त्याने कागद बघून सांगितलं की दवाखाना यादीत आहे आणि बॅटरी बदलणं योजनेत बसतं.

घरी येऊन सांगितलं तर मालक ताट सरकवून बसले.

"फुकाट? मग नको. आपुन काय भिकारी हाय व्हय?"

आता या माणसाला काय म्हणावं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडेच बघत बोलले. "तुमच्या लहानपणी रोग आला तवा मामंजींचा समदा कळप गेला हुता ना? मग काय झालं?"

हे मला सासूबाईंनी सांगितलेलं होतं. एका रात्रीत सासऱ्यांची जाळी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तळावरच्या एकेका घरातून एकेक मेंढी त्या जाळीत आणून सोडली गेली. कुणी आणली ते कुणी बोललं नाही. आणताना तोंड दाखवायचं नाही आणि सकाळी मोजायचं नाही, अशी रीतच आहे त्यांची. ज्याचं गेलं त्याला उपकार वाटू नयेत म्हणून.

"मामंजींनी त्या मेंढ्या ठिवून घेतल्या का माघारी हाकलल्या?" मी विचारलं.

मालकांनी ताट परत पुढे ओढलं आणि दोन भाकरी खाल्ल्या.

मी मेअखेर निवृत्त झाले, आणि श्रावण सरताना सांगलीला बॅटरी बदलली. कागद, फोटो, अंगठा, सगळं झालं. दोन दिवस थांबावं लागलं, चहाही मीच बाहेरून आणायचे, पण ऑपरेशनला आमच्याकडे कुणी काही मागितलं नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "काका, ही नवी बॅटरी साधारण..." तेवढ्यात मालकांनी हात वर केला. "सांगू नगा." डॉक्टरांनी मला दाराशी बोलावून हळूच सांगितलं. ते मी माझ्यापाशी ठेवलंय.

औषधं मिळेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोर गर्दी होती. हळदीच्या गोदामातले हमाल, त्यांची बोटं धुऊनही पिवळीच. सूतगिरणीतल्या बाया, कडेवर पोर घेतलेली एक, आणि भिंतीला टेकून झोपलेला एक म्हातारा. मालक कितीतरी वेळ सगळ्यांची तोंडं न्याहाळत होते. संध्याकाळी जाळीच्या तोंडाशी उभे राहतात, तसेच.

"ह्यांनी दिलं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनीबी. जो साबण घेतो, काडेपेटी घेतो, त्या समद्यांच्या करातलं थोडं थोडं ह्या योजनेत जातं. तुमी चहापत्ती आणता, तुमचंबी."

"ही मला वळखत न्हाईत."

"न्हाईत."

ते उठले. छातीच्या पट्टीवर एक हात ठेवून, चपला बाजूला काढून, त्या झोपलेल्या म्हाताऱ्यापुढे वाकले. म्हातारा दचकून जागा झाला. "काय वो?"

"काय न्हाई. निजा तुमी."

परत येऊन बसले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. माझेही होते. सबंध आयुष्यात जे कधी विचारलं नाही ते त्यांनी तेव्हा विचारलं, तेही हळू आवाजात. "किती माणसं असतील गं, देणारी?"

मी त्यांचा हात धरला.

"मोजू नगा," म्हटलं. "कमी व्हतील."