तेजोमेघासाठी मालवलेला दिवा

सांगलीच्या आभाळात उजेड फार, म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दुर्बीण गाडीत घालून मी जतकडच्या माळावर गेले. मी विश्रामबागेत राहते, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माळावर ओळखीच्या एका धनगर जोडप्याचं घर आहे. त्यांना मी मामा, मावशी म्हणते.

हंस तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा फोटो मला हवा होता. त्याच्या पोटातल्या प्रचंड ताऱ्यानं आपलेच बाहेरचे थर उधळलेत आणि स्वतःच्या वाऱ्यानं ते लोटत नेऊन भोवती कवच केलंय. ते इतकं अंधूक की पुष्कळ फोटो घेऊन एकावर एक रचावे लागतात.

अंधार पडताच मी मामांना मेंढ्यांजवळचा दिवा मालवायला सांगितलं. त्यांनी काही न विचारता मालवला.

हंस पश्चिमेला उतरल्यावर सामान आवरून घराकडे आले, तर मावशी हात धूत होत्या. मेंढी विताना अडली होती. दोघांनी घोंगड्याचा आडोसा करून, मोबाइलच्या उजेडात तिला सोडवलं होतं. एक कोकरू मेलं, दुसरं जगलं.

मला हाक का नाही मारली, असं विचारलं तर मामा म्हणाले, "तुमी लय लांबनं आलायसा. असं मोकळं आभाळ परत कवा गावायचं?"

फोटो सुरेख आला. कवचाचे तांबडे धागेसुद्धा सुटे दिसत होते. ज्यांना पाठवला त्यांनी वाहवा केली. मला मात्र तो धड बघवेना. कारण माझ्या कॅमेऱ्यापुढचा फिल्टर हायड्रोजनचा तेवढाच तांबडा प्रकाश आत घेतो. त्या लहानशा दिव्यानं फारसं काही बिघडलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. उगीच धोका नको, म्हणून सांगितलं होतं.

संक्रांतीनंतर फोटो मोठा छापून घेऊन गेले. मामांनी भिंतीवर खिळा ठोकला. तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी दिवा असता तरी चाललं असतं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "मग तसं सांगायचं न्हाई व्हय?"

मग त्यांनी चहा दिला. पण एरवीसारख्या जवळ येऊन बसल्या नाहीत, आणि मीही लवकर निघाले.