गाडी का थांबली?

हिंगोलीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी पावणेदोन वर्षं नोकरी केली. काम बसून होतं, पंख्याखाली होतं, आणि आमच्या घरात तोवर कुणी बसून काम केलेलं नव्हतं. वडील अजूनही पुसेगावच्या शिवारात मेंढरं वळतात. पहिल्या दिवशी मी कामावरून घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "नेमकं करतीस काय गं तिथं?"

"गाडी थांबली की ड्रायव्हरला फोन करून विचारायचं, का थांबली म्हणून."

"थकली आसंल, म्हणून थांबली."

"गाडी थकत नसते, बाबा," मी हसून म्हणाले. मला तेव्हा त्या नोकरीचा फार अभिमान होता.

ऑफिस मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं, वरच्या मजल्यावर. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर नकाशा आणि नकाशावर आमच्या वीस-पंचवीस गाड्या. गाडी चालत असली की हिरवी दिसायची. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबली की लाल व्हायची आणि माझ्या टेबलावर बीप वाजायची. ठरलेला रस्ता सोडला तरी बीप. मग मी फोन लावायचा, कारण विचारायचं आणि कॉम्प्युटरमधल्या यादीतून एक कारण निवडायचं. जेवण, डिझेल, पंक्चर, टोल, इतर. झोप त्या यादीत नव्हती. ती 'इतर'मध्ये टाकावी लागे, आणि एखाद्याचं 'इतर' वाढलं की मॅनेजर त्याला बोलावून घेई.

ड्रायव्हर लोक माझ्याशी मोकळेपणानं बोलत. कदाचित मी त्यांच्या पोरींच्या वयाची होते म्हणून. सगळेच त्या यंत्राला शिव्या देत होते असं नाही. सेनगावकडचा एक तरुण ड्रायव्हर तर म्हणायचा, "मॅडम, पूर्वी हैदराबादमध्ये शिरलं की दहा जणांना पत्ता विचारावा लागायचा. त्यातले पाच जण चुकीचा सांगायचे. आता ती बाई सांगती, आपण वळायचं. डोक्याला ताप न्हाई." फोनच्या नकाशातून रस्ता सांगणारा जो बाईचा आवाज असतो, तिला सगळे 'ती बाई' म्हणत. मी फोन केला की काही जण चेष्टा करत, "रस्ता बी तूच सांगतीस, अन् काहून थांबला हे बी तूच इचारतीस. तीच का गं तू?" मीही हसायचे.

जुन्या लोकांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्यातले एक काका औंढ्याच्या अलीकडच्या तांड्यावरचे होते. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं बारीक, मिशा पांढऱ्या. तीस वर्षं स्टिअरिंगवर, आणि एकही ॲक्सिडेंट नाही. त्यांच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलेलं, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांची गाडी शिरड शहापूरच्या फाट्यावर प्रत्येक खेपेला लाल व्हायची. कधी अठरा मिनिटं, कधी पंचवीस. मी फोन केला की एकच उत्तर, "टायर बघून राहिलो."

तीन-चार महिने असं चाललं. मग मॅनेजरनं त्यांना ऑफिसात बोलावलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनाही हाच नकाशा त्यांच्या फोनवर दिसायचा, आणि गाडी थांबली की पहिली शिवी मॅनेजरलाच बसायची.

"घरापासून इतक्या जवळ येऊन काय थांबता हो?" त्यानं विचारलं.

"ताडपत्रीच्या दोऱ्या बघतो. टायरवर ठोके मारून हवा बघतो. अन् दहा मिनिटं डोळे मिटतो," काका म्हणाले. "डोळ्यात रेती गेल्यावानी झालं की उतरायचं, आसं माझ्या उस्तादानं शिकवलं मला. घर जवळ आलं की माणूस ढिला पडतो. तिथंच घात व्हतो."

"उस्तादाच्या काळात हे नव्हतं." मॅनेजरनं स्क्रीनकडं बोट केलं. "ज्याला काम करायचंय तो थांबत नाही. तो बोर्ड बघा."

दारामागं पांढरा बोर्ड होता. सगळ्यात कमी थांबणारा वर, सगळ्यात जास्त थांबणारा खाली. दर महिन्याला मीच लिहायचे. काकांचं नाव सगळ्यात खाली, लाल मार्करनं. ते बोर्डासमोर उभे राहिले. त्यांना वाचायला वेळ लागत असे. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "अक्षर तुझं हाय?"

"हो, काका."

"चांगलं हाय," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर त्यांची गाडी शिरडच्या फाट्यावर थांबायची बंद झाली. एक महिना, दोन महिने. मला बरं वाटलं, हे कबूल करते. बोर्डावर त्यांचं नाव वर वर सरकत होतं. एकदा मी मुद्दाम फोन करून सांगितलं, "काका, या महिन्यात तुम्ही पहिल्या पाचात आलात."

ते हसले नाहीत. "थांबलो की तू इचारत व्हतीस," ते म्हणाले. "आता थांबत न्हाई तर कुणीच काई इचारत न्हाई. दोन-दोन दिस मानसाचा आवाज कानावर पडत न्हाई बघ. नुसती ती बाई बोलती." आता गाडीवर क्लीनर कुणी ठेवत नाही. रस्ता नकाशा सांगतो, तर दुसरा माणूस कशाला, असं ट्रान्सपोर्टच्या मालकाचं, शेठचं म्हणणं.

मग बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. तेव्हा त्यांचा अर्थ मी लावला नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्यांचा वेग साठ, मग पंचवीस, मग पुन्हा साठ. एकदा त्यांनी मला फोन करून विचारलं, "परभणी मागं गेली का पुढं हाय?" मला वाटलं चेष्टा करतात. एकदा ऑफिसात आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले, तर तासभर उठलेच नाहीत. डोळे उघडे होते. मी पाणी नेऊन दिलं, तर पेला हातात धरून म्हणाले, "किती मीटर?"

"काय किती मीटर, काका?"

ते दचकले आणि पाणी प्यायले.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास मी डबा उघडला आणि खाता खाता स्क्रीनकडं बघत होते. सगळ्या गाड्या हिरव्या. काकांची गाडी सांगलीहून गूळ घेऊन येत होती आणि हट्ट्याच्या जवळ पोचली होती. सहज म्हणून मी तिच्यावर क्लिक केलं. पहाटे तीनला सांगली सोडल्यापासून एकही थांबा नव्हता. पंधरा मिनिटांचा तर नाहीच, पाच मिनिटांचाही नाही. अकरा तास. आणि वेग पंचावन्न, वीस, साठ, बारा.

मी मॅनेजरला दाखवलं.

"हिरवी आहे ना?" तो म्हणाला. "मग काय अडचण आहे? पाचला माल उतरवायचाय. फोन करून त्याला डिस्टर्ब करू नको."

मी परत टेबलाशी आले. तेवढ्यात गाडी वळली. वसमतच्या बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, म्हणून नकाशानं तिला हट्ट्याजवळून आतल्या रस्त्यानं शिरडकडं काढलं असावं. तो रस्ता ट्रॅक्टरचा, कॅनलच्या काठाकाठानं जाणारा. भरल्या गाडीचा नाही. तीस वर्षं या भागात गाडी हाकणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती. तरी गाडी त्या रस्त्यावर पुढं पुढं जात होती.

मी न विचारता फोन लावला. खूप वेळ रिंग गेली. मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच काका म्हणाले, "हां हां, वळलो, वळलो."

"काका, मी ऑफिसातून बोलतेय."

"व्हय. उजवीकडंच वळलो ना. तू सांगितलं बराबर तसंच."

"मी काही नाही सांगितलं काका."

"आत्ता तर बोललीस."

मागून त्या बाईचा आवाज आला. चारशे मीटर सरळ जा.

"ह्ये बघ," काका म्हणाले. "परत बोललीस."

मी म्हणाले, "काका, ती मी नाही. तुम्ही गाडी बाजूला घ्या. थांबा जरा."

"थांबू नको म्हनतीस, थांब म्हनतीस. काहून तकलीफ देऊन राहिली?" आवाज चिडलेला नव्हता. झोपेत बोलणाऱ्या लेकराचा असतो तसा होता. फोनमधून बाभळीच्या फांद्या केबिनला घासल्याचा आवाज येत होता. मग ती बाई पुन्हा काहीतरी बोलली आणि काका तिला "व्हय" म्हणाले.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "काका, थांबा! थांबा!" ऑफिसातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. फोन कट झाला.

स्क्रीनवर गाडी जागच्या जागी होती. पण हिरवी. लाल व्हायला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं मी फोन लावत बसले, कुणी उचलला नाही. मग बीप वाजली.

सेनगावकडचा तो तरुण ड्रायव्हर परभणीहून त्याच रस्त्यानं मागून येत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "मॅडम, मी आत वळलो तर माझी गाडी रूट सोडून जाईल. मला लाल करू नका." बोर्डावर त्या महिन्यात त्याचं नाव पहिलं होतं. मी म्हणाले, "नाही करत. जा तुम्ही."

चाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला. "सापडले," तो म्हणाला.

"आहेत का?" मी विचारलं.

"हायेत. स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेत. पण मॅडम, पुढचं एक चाक कॅनलच्या काठावर हाय. पाणी सोडलेलं हाय, पार भरून चाललाय कॅनल. चाकाखालची माती सुटून राहिली. दार उघडलं अन् गाडी हलली तर? मला भ्या वाटून राहिलं."

"एकटे जाऊ नका जवळ. माणसं बोलवा."

शेतातली माणसं धावली. मागचा एक्सल दोन ट्रॅक्टरना दोरखंडानं बांधला, मग पलीकडच्या दारानं काकांना बाहेर काढलं. त्यांना जाग आली तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, "हिंगोली आली?" तिन्हीसांजेला गूळ उतरवून जेसीबीनं गाडी मागं ओढली, तेव्हा जिथं चाक होतं तिथला काठ पाण्यात गेला.

संध्याकाळी मॅनेजर माझ्या टेबलाजवळ आला. कॉम्प्युटरवर कारणाची जागा अजून रिकामी होती. "ड्रायव्हरचा हलगर्जीपणा, असं टाक," तो म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "दुसरं काय टाकणार? व्यापाऱ्याला मी काय दाखवू?"

मी तसं टाकलं. 'इतर' निवडलं आणि पुढं ते दोन शब्द टाइप केले. आठ दिवसांनी काकांना कामावरून काढलं, तेव्हा त्यांच्या समोर त्याच नोंदीचा कागद ठेवला होता. ते वाचून त्यांनी सही केली. या वेळी अक्षर कुणाचं असं त्यांनी विचारलं नाही, कारण कागद छापील होता.

मी आणखी तीन महिने तिथं राहिले. का राहिले ते सांगता येत नाही. पगार घरात लागत होता, आणि रोज बीप वाजली की हात आपोआप फोनकडं जायचा. शेवटी माझ्या जागी मशीनच आलं. आता गाडी थांबली की ड्रायव्हरला फोन आपोआप जातो, रेकॉर्ड केलेला आवाज कारण विचारतो, आणि एक दाबा, दोन दाबा असं असतं.

गेल्या थंडीत मी औंढ्याला गेले होते. बसस्टँडजवळच्या हॉटेलात काका दिसले. बाहेर गाडी उभी होती, दुसऱ्याच ट्रान्सपोर्टची. काचेजवळ दोन फोन लावलेले. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. "ये लेकी, च्या घे," म्हणाले.

"परत गाडीवर आलात?"

"मग काय करतो? सगळ्यांनाच ड्रायव्हर पाह्यजेत. पोरं येत न्हाईत या धंद्यात."

मी इतके महिने मनात धरून ठेवलेलं विचारलं. "काका, त्या दिवशी मी फोन केला होता. थांबा म्हणून ओरडले होते. तुम्हाला आठवतं?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "फोन? न्हाई बा. परभणी सोडल्याचं याद हाय. मग त्या पोरानं दंडाला धरून हलवलं तेवढं. मधलं काईच न्हाई."

"मग ब्रेक कुणी दाबला?"

"ते मला बी ठाव न्हाई," ते म्हणाले. "लई इचार केला म्या."

चहा आला. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी कप उचलला. मी विचारलं, "आता कुठून आलात?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि आठवू लागले. कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी दाराबाहेरच्या गाडीकडं पाहिलं, तिच्यावरच्या ताडपत्रीकडं पाहिलं, जणू तिच्यावरून लक्षात येईल. मी वाट बघत होते. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला, त्यांनी तो उचलला. त्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, स्वच्छ, गोड, शुद्ध मराठीत गाडी थांबल्याचं कारण विचारणारा.

"निघालो, निघालो," काका त्या आवाजाला म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून गाडीकडं चालू लागले.