तारे आणि मध्यंतर

पडद्यावर बराच वेळ नुसते तारे जन्मत होते. मग एक अंगण दिसलं, रुसलेला मुलगा दिसला आणि त्याच्या खांद्याकडे निघालेला वडिलांचा हात. तेवढ्यात थिएटरवाल्यांनी दिवे लावले. मूळ सिनेमात मध्यंतर नाहीच. विश्वाच्या आरंभापासून तो हात कसाबसा तिथवर पोचला होता आणि यांना समोसे विकायचे होते.

मी चरफडत बसलो. बाबांशी हल्ली धड बोलणं होत नाही, म्हणून तर त्यांना मुद्दाम आणलं होतं. "तू बस, मी चहा आणतो," म्हणत ते उठले.

ते रांगेत असतानाच सिनेमा सुरू झाला. हात खांद्यावर टेकला. मुलगा रडला.

बाबा अंधारात पायानं वाट चाचपत आले. दोन्ही हातांत कप होते.

"काय झालं मधे?"

"काही नाही. तारेच दाखवत होते."