डायरेक्ट केलेला पॉइंट

आमच्या गल्लीत गाडी हलवणाऱ्याला मूर्ख समजतात. चाळ पाडल्यावर बिल्डरने आम्हाला मागची इमारत दिली आणि पुढे स्वतःचा टॉवर चढवला. टॉवरवाल्यांच्या गाड्यांना खालचे सहा मजले, आमच्या साठ बिऱ्हाडांना मधली गल्ली. तिथे गाड्या मावतात आठ. एकदा काढली की जागा गेली, म्हणून लोक घरच्या लग्नाला टॅक्सीने जातात आणि गाडी कव्हर घालून जागच्या जागी ठेवतात. अगदीच काढावी लागली तर मागे रंगाचा रिकामा डबा नाहीतर मोडकी खुर्ची ठेवायची आणि एका माणसाला खिडकीत पहाऱ्याला बसवायचं. या लोकांची मी खूप टिंगल केली आहे. त्यांच्याहून वाईट मी निघाले.

गाडी भावाची. त्याने नवी घेतली आणि जुनी लालबागला आणून आमच्या दारात उभी केली. "बाबांना फिरवायला होईल," म्हणाला. त्याच्या सोसायटीत दुसरी गाडी लावायला जागा नव्हती, हे तो म्हणाला नाही. बाबांना फिरवायचं काम अर्थातच माझं, कारण मी लग्न केलं नाही आणि माझं ऑफिसचं काम घरी बसून चालतं. घरी बसून म्हणजे रिकामी, असा आमच्या घरात समज आहे.

बाबांनी गिरगावातल्या एका छापखान्यात मशीनवर जन्म काढला. शाईचा वास, कागदाची धूळ आणि जोडीला विड्या. म्हातारपणी फुफ्फुसांनी सगळ्याचा वचपा काढला. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मोठं मशीन आलं आणि त्याची नळी पोचेल तेवढंच त्यांचं जग उरलं: पलंग, मोरी, खिडकी. त्यांच्या खिडकीतून टॉवरची भिंत दिसते. दीड वर्ष ते भिंत बघत होते.

मग दादरच्या एका घरातून खांद्याला अडकवायचं छोटं मशीन मिळालं. त्यांच्या माणसाची गरज संपली होती. मशीनची स्वतःची बॅटरी थकलेली, दहा मिनिटांत मान टाकायची. पण गाडीत पुढे सिगारेट लायटरचा जो पॉइंट असतो, त्यात वायर खुपसली की बिनतक्रार चालायचं. पहिल्याच दिवशी मी हौसेने त्यांना चौपाटीवर नेलं. ते काचेतून पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "माका समुद्र नको गो बाय. माका रस्तो दाखव."

त्यांना आपला रस्ता हवा होता. गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली जी पहिली जागा आहे, तिथून समोरचा हमरस्ता सरळ दिसतो. ती जागा मी कशी मिळवली ते सांगत नाही, शेजाऱ्यांशी अजून बोलणं बंद आहे. पण मिळवली. रोज दुपारी चार वाजता बाबांना चाकाच्या खुर्चीवरून लिफ्टने खाली आणायचं, गाडीत बसवायचं, मशीन पॉइंटला लावायचं आणि सहा वाजता वर न्यायचं. गाडी कुठेच जायची नाही. दुसरं बसायचं ठिकाण तरी कुठे होतं? टॉवरची बाग टॉवरवाल्यांची, आणि आमच्याकडे कट्टा बांधायला जागा उरली नव्हती.

चार वाजता चिंचपोकळीहून अंकल चालत यायचे. अंकल म्हणजे बाबांच्या छापखान्यातले खिळे जुळवणारे कंपोझिटर, अस्सल मुंबईचे कॅथलिक, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, बाबा बाजूला. छापखान्यातल्या खडखडाटात दोघांच्याही कानांची वाट लागलेली, त्यामुळे काचा लावून दोघे ओरडून बोलायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं आत भांडण पेटलंय. त्यांचा उद्योग एकच. समोरच्या रस्त्यावर लागलेल्या नेत्यांच्या वाढदिवसांचे, शुभेच्छांचे फ्लेक्स वाचायचे आणि चुका काढायच्या.

"हार्दिकला दीर्घ दी. बघ, बघ."

"आणि शुभेच्छूक. च्छूला दीर्घ. फाशी द्या साल्याला."

"प्रूफ कोणी वाचलं रे हे?"

"प्रूफ? हल्ली आधी लावतात, मग वाचतात."

बाबा हसायचे, हसता हसता खोकायचे आणि खोकला थांबला की पुढचा बोर्ड शोधायचे. सकाळी उठल्यावर विचारायचे, आज नवीन काय लागलं असेल? दीड वर्षात त्या माणसाने "आज काय" असं एकदाही विचारलं नव्हतं. त्या दोन तासांसाठी ते जगत होते.

अडचण पॉइंटची होती. चावी काढली की पॉइंट बंद, मशीन बंद. म्हणून मी चावी अर्धी फिरवून तशीच ठेवायचे. एकदा बाबा वारा हवा म्हणून काच खाली करायला गेले आणि त्यांनी चावी पूर्ण फिरवली. गाडी गिअरमध्ये होती. तिने बेडकासारखी उडी मारली आणि पिंपळाच्या पाराला जाऊन टेकली. अंकल हसून लोळले. मी दुसऱ्या दिवशी गाडी चिंचपोकळीच्या पुलाजवळ एका वायरमनकडे नेली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "डायरेक्ट करून देतो. चावी खिशात ठेवा, पॉइंट चालू."

डायरेक्ट म्हणजे पॉइंटची वायर चावीला बगल देऊन थेट बॅटरीवर. मध्ये एक फ्यूज टाकला, टेप गुंडाळली, काम झालं. मी निघाले तर मला थांबवलं.

"मॅडम, कंपनी येडी नाय. चावी बंद तर पॉइंट बंद असं त्यांनी ठेवलंय, कारण माणूस विसरतो. आता गाडी विसरणाऱ्याला माफ करणार नाय. दोन तास मशीन चालवलं तर त्याच दिवशी अर्धा तास गाडी पळवायची. उभ्या उभ्या नाय, पळवायची. नायतर बॅटरी उतरली समजा."

मी इमानदारीत पळवली. सहाला बाबांना वर सोडायचं आणि परळचा एक फेरा मारून यायचं. पण जागेचं काय? अंकल जागा धरायचे. डबा नको, खुर्ची नको, ते स्वतः छत्री टेकून त्या रिकाम्या जागेच्या मधोमध उभे राहायचे. कुणी हॉर्न मारला तर ऐकूच यायचं नाही, त्यामुळे लाज वाटायचा प्रश्न नव्हता. एकदा एकाने बंपर गुडघ्याला टेकवला. ते हलले नाहीत. मी परत आले की बाजूला व्हायचे, टोपी सारखी करायचे आणि घरी जायचे. असं चार महिने चाललं.

मग गणपतीचे दिवस जवळ आले. मांडवाचे बांबू आणि वासे गल्लीत येऊन पडले आणि आठातल्या तीन जागा गेल्या. नेमके तेव्हाच अंकल आठवड्यासाठी वसईला गेले, भाचीचं लग्न होतं. जाताना मला म्हणाले, "गाडी काढू नको हं मी येईपर्यंत. गेली जागा तर त्याला बोर्ड दिसायचे नाहीत."

मी काढली नाही. एका संध्याकाळी नुसतं इंजिन सुरू ठेवून बघितलं, तर दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. धूर सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जात होता. बोलल्या ते खरंच होतं. मी इंजिन बंद केलं आणि मनाशी म्हटलं, चार-पाच दिवसांनी काय होतंय. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, जागा सोडू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

पाचव्या दिवशी बाबा गाडीत एकटे होते. काचा लावलेल्या, कारण वासे कापत होते आणि भुसा उडत होता. उन्हासाठी बाजूच्या काचांना पडदे. मी मशीन लावलं, हिरवा दिवा बघितला आणि रोजचं सांगितलं, "काही लागलं तर हॉर्न मारा, मी आलेच." हॉर्नला चावी लागत नाही, म्हणून ही खूण आम्ही पहिल्यापासून ठरवली होती. आमच्या घराची दुसरी खिडकी गल्लीवर उघडते आणि पाचव्या मजल्यावर हॉर्न स्वच्छ येतो. मशीन आणि हॉर्न एकाच बॅटरीवर जगतात, हे एवढं साधं गणित मला सुचलं नव्हतं. वायरमनलाही नाही, भावालाही नाही.

मी वर गेले आणि झोपले. ठरवून झोपले. आदल्या रात्री त्यांच्या खोकल्याने डोळा लागला नव्हता आणि मला पाऊण तास कुणाचं काही करायचं नव्हतं. उठले, चहा केला, थर्मास घेऊन खाली गेले.

बाबांचे ओठ जांभळे पडले होते. मशीनचा हिरवा दिवा गेला होता, ते कधीचं शिट्टी मारून मारून गप्प झालं असणार. बाबा ड्रायव्हरच्या सीटकडे आडवे झाले होते आणि उजव्या हाताचा तळवा स्टिअरिंगच्या मध्यावर दाबत होते. सोडायचे, परत दाबायचे. आवाज येत नव्हता. मी दार उघडलं तरी ते दाबतच होते. दार आतून साध्या हाताने उघडत होतं, बाहेर चार हातांवर बांबू बांधणारे दहा जण होते. पण ठरलं होतं ते हॉर्नचं, आणि बाबा सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करणारे.

मांडववाल्यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. वर मोठं मशीन लावलं, डॉक्टर येऊन गेले. दिवेलागणीला ओठांना रंग आला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हॉर्न मारलंय मी. खूप येळ मारलंय."

मी म्हटलं, "बाबा, बॅटरी उतरली होती. हॉर्न वाजलाच नाही."

"मारलंय मी."

त्यांना आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. हाताखाली बटण दबत होतं, म्हणजे हॉर्न वाजत होता. मी कानाशी ओरडून सांगितलं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान डोलवली आणि कागद घडी घालून उशीखाली ठेवला. मला समजत होतं की त्यांना ते पटलेलं नाही. मुलगी स्वतःला वाचवायला कारण शोधतेय, एवढंच त्यांनी त्यात वाचलं.

अंकल वसईहून आले ते थेट वर आले. मी स्वयंपाकघरात होते. त्या दोघांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला. अंकल विचारत होते, झालं काय?

"काही नाही रे. पोरगी दमते. झोप लागली असेल तिला, हॉर्न ऐकला नसेल."

रागाने म्हणाले असते तर मी आत जाऊन भांडले असते. त्यांनी मला माफ करून टाकलं होतं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता.

ते परत खाली गेले नाहीत. मी नवी बॅटरी टाकली, आता मशीन बंद पडणार नाही हे सांगितलं, रोज चार वाजता खुर्ची पलंगाजवळ आणून लावली. "खाली काय हा?" एवढंच म्हणायचे. अंकल येत राहिले. खाली उभं राहून बोर्ड वाचायचे, चुका चिठ्ठीवर लिहून आणायचे आणि वर येऊन वाचून दाखवायचे. बाबा ऐकायचे. चिठ्ठीतल्या चुकांना हसू येत नाही. थंडी संपायच्या आत ते गेले.

गाडी भावाने विकली. विकत घेणाऱ्याला मी डायरेक्ट पॉइंटचं सांगितलं, रोज पळवा म्हणून बजावलं. तेराव्याला आलेल्या प्रत्येकालाही सांगितलं, बॅटरी उतरली होती, हॉर्न वाजलाच नाही. सगळे म्हणाले, तुझा काय दोष. अंकल काहीच म्हणाले नाहीत, त्यांना बहुतेक ऐकू आलं नसावं.

त्या दुपारी मी हातोड्यांचा ठणठणाट नको म्हणून गल्लीकडची खिडकी घट्ट लावली होती, पंखा पाचवर केला होता आणि कानांत कापसाचे बोळे घातले होते. हॉर्न वाजला असता तरी मला ऐकू आला नसता. बाबांनी ते न सांगता ओळखलं होतं, आणि मी त्यांना शेवटपर्यंत बॅटरी समजावत राहिले.