रस्त्याकडे पाठ

आमच्या गावात पुरुषांना बसायला देऊळ आहे, चहाची टपरी आहे, आणि ग्रामपंचायतीची पायरी तर पिढीजात त्यांचीच. बाई नुसती बसलेली दिसली की लोक विचारतात, "काय झालं गो? बरं नाय का?" म्हणून आम्ही चार म्हाताऱ्यांनी माळशेज रस्त्यावरचा एसटीचा थांबा धरला. तिथे बसलेल्या बाईला कोणी कारण विचारत नाही. गाडीची वाट बघतेय, असंच समजतात.

पंचाईत एवढीच, की ड्रायव्हरही तसंच समजायचे. आम्ही दिसलो की करकचून ब्रेक. कंडक्टर दारातून ओरडायचा, "चला, लवकर!" आमच्यातली थोरली, जिला सगळा गाव काकी म्हणतो, शांतपणे सांगायची, "जा रे बाबा तू. आमाला कुठं जायाचा नाय." शेवटी एक कंडक्टर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "आज्यांनो, मग तोंडं तरी तिकडं करून बसा!"

तो वैतागून बोलला, आम्ही नियमच करून टाकला. थांब्याची मागची भिंत कधीच पडली आहे, पलीकडे नुसती शेतं. त्यामुळे शेताकडे तोंड असेल ती गप्पांना आलेली, रस्त्याकडे तोंड असेल ती प्रवासाला निघालेली. ड्रायव्हरांनाही ते पाठ झालं. मी जन्मभर मास्तरीण होते, पण इतका पाळला गेलेला नियम वर्गात कधी पाहिला नाही.

यंदा काकी, घरात एकटीच राहणारी, अंगणात घसरून पडली. हाड वाचलं, पण वाशिंदला राहणाऱ्या तिच्या मुलाने निक्षून सांगितलं, "आता कायमची माझ्याकडे. गाडीने मुरबाडला ये, तिथं घ्यायला येतो." त्याचं चुकत नव्हतं. रात्रीची पडली असती तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता.

ठरल्या दिवशी काकी पिशवी घेऊन आली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. आम्ही तिघी शेताकडे बघत वाल सोलत होतो. एरवी आमची तोंडं बंद करायला देव यावा लागतो. त्या दिवशी चालत होती ती फक्त बोटं. गाडी आली, थांबली. "काकी, चढा," कंडक्टर म्हणाला. काकीने गाडीकडे बघितलं, पिशवी मांडीवर घेतली आणि सावकाश फिरून शेताकडे तोंड केलं. गाडी गेली.

थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. "गाडी थांबलीच नाय रे," काकी म्हणाली आणि फोन माझ्या हातात कोंबला. "हे बघ, बाई सांगतील." मुलगा माझाच विद्यार्थी. खोटं बोलला म्हणून मी कितीदा त्याचा कान पिळलेला.

"थांबली होती," मी म्हणाले. "ती चढली नाही."

काकीने कपाळावर हात मारला. मुलगा चिडला. "बाई, रात्री तिला काय झालं तर कोण आहे तिथं?"

"मी आहे. आजपासून ती माझ्याकडे झोपेल."

"तुम्हाला कशाला त्रास?"

त्रास कसला रे, असं म्हणायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं. आमचे हे गेल्यापासून दिवा मालवला की घर मला खायला उठतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, मैत्रिणींनाही नाही. ते त्या पोराला, भर रस्त्यावर, फोनवर सांगून टाकलं.

काकी कान देऊन ऐकत होती.

"मंग आदी नाय का सांगायचा?" ती माझ्यावर खेकसली. "पिशवी घेऊन तुझ्याकडंच आले असते."